अळणी

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये साउथहॅम्प्टनमधल्या एका चिनी रेस्टॉरंटने मेनूमधलं सुपांचं पान काढून टाकलं. त्या पानावरच्या सगळ्या सुपांच्या जागी एकच सूप आलं. ते मंचाव होतं.

रेस्टॉरंट छोटं होतं, गोदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बसस्टॉपच्या समोर. चालवणाऱ्या बाई फूच्यान प्रांतातल्या, फूचौ शहराजवळच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या होत्या. त्या भागात जेवण म्हणजे आधी सूप, मध्ये सूप आणि शेवटीही सूप. नदी समुद्राला मिळते तिथलं गाव, त्यामुळे बहुतेक सुपांत समुद्रातलं काहीतरी असायचंच. रस्सा पाण्यासारखा निवळ हवा, वाटीचा तळ दिसला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

इंग्लंडमध्ये आल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी एका नातेवाइकाच्या टेकअवेमध्ये काढली. तिथे चिप्स, करी सॉस आणि लाल रंगाचं गोड-आंबट चिकन विकलं जायचं. त्यांचे वडील गावाकडे लग्नाच्या पंगतीचे आचारी होते, आता निवृत्त. मुलगी इंग्लंडमध्ये काय करते असं कुणी विचारलं, की ते म्हणायचे, बटाटे तळते. हे बाईंनीच मला सांगितलं होतं, आणि तेही हसत नव्हे. "बटाटे तळणाऱ्याला आमच्याकडे आचारी म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "मी बाबांना सांगितलंय, माझ्या दुकानात माझं पातेलं चढलं की तुम्ही या. माझ्या टेबलावर बसा, माझं सूप प्या. मग गावात जाऊन काय सांगायचं ते सांगा."

२००५ मध्ये त्यांनी ही जागा भाड्याने घेतली. वरच्या मजल्यावर राहायचं, खाली दुकान. वडील सत्तरीच्या पुढे होते. पातेलं चढलं होतं. जम बसला की व्हिसाचा अर्ज करायचा, असं ठरलं होतं.

बाईंचं इंग्रजी मोजकं होतं आणि आमचं त्यांच्याशी बोलणंही तेवढ्याच शब्दांत चालायचं. इथे ते मराठीत दिलं आहे.

आम्ही म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जेवणारी काही मराठी माणसं. मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर काम करून आले होते आणि इथे एका शाळेच्या ऑफिसात पार्टटाइम होते. नवरा हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर. त्याच्याच थिएटरमधले एक सीनिअर सर्जन, कोल्हापूरचे, आमच्यात वयाने सगळ्यात मोठे. त्यांना आम्ही सर म्हणायचो. आणि एक पुण्याचा सॉफ्टवेअरवाला आणि त्याची बायको. ते दोघं वर्क परमिटवर आलेले, आणि दर आठवड्याला नवीन जागा शोधून काढणं हे त्यांचं काम. ही जागाही त्यांनीच शोधली.

पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरवाल्याने हाक मारली, "काकू, मेनू!"

बाई आल्या. "काकू म्हणजे काय?"

"वडिलांच्या भावाची बायको."

"मी तुझ्या वडिलांना ओळखत नाही," बाई म्हणाल्या, आणि मेनू ठेवून गेल्या. पण त्यानंतर त्या काकू या हाकेला ओ देऊ लागल्या आणि आमच्यात त्यांचं तेच नाव पडलं.

"काकू, मंचाव आहे का?"

"काय चाव?"

"मंचाव. सूप. तुमचंच आहे हो, चायनीज."

"कुठल्या गावचं?"

गाव कुणालाच सांगता येईना. नवरा म्हणाला, "अरे, ते आपल्याकडच्या गाडीवरचं. चीनला काय माहीत?"

"पन्नास वर्षं मी चिनी आहे," काकू म्हणाल्या. "मला कुणी बोललं नाही."

त्या दिवशी आम्ही त्यांनी दिलं ते प्यायलो. एक सूप माझ्या लक्षात राहिलं, कारण मी रत्नागिरीकडची. मोठ्या कढईत रस्सा उकळत ठेवून काकूंनी तांदळाचं पातळ पीठ कढईच्या काठाकाठाने फिरवून ओतलं, झाकण ठेवलं, आणि काठाला धरलेलं ते घावन उलथन्याने खरवडून रश्शात सोडलं. रश्शात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, होते. घावन आणि सोडे आमच्याकडेही होतात, पण एका भांड्यात कुणी आणत नाही. मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही घावन कशाबरोबर खाता?" मी म्हटलं, चटणीबरोबर. "कोरडं?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

त्यांचं सगळ्यात अभिमानाचं सूप तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, होतं. मोठी कोंबडी मंद आचेवर, उकळी फुटू न देता, सकाळपासून ठेवायची. रस्सा गाळून निवळ करायचा. तिसऱ्या अर्ध्याकच्च्या, वाटीत मांडलेल्या. पाहुणा टेबलावर बसला की किटलीतला कढत रस्सा त्याच्यासमोर वाटीत ओतायचा. तेवढ्या उष्णतेवर तिसऱ्या शिजायच्या. वडिलांच्या पंगतीत हे सूप मधोमध यायचं, आणि ते आलं की यजमान उठून उभा राहायचा, असं काकूंनी सांगितलं होतं. वडील आले की त्यांना हेच पहिलं द्यायचं होतं.

आमच्यात शेवटच्या थेंबापर्यंत सूप पिणारे एकटे सर होते. बाकीचे दोन-चार चमचे घेऊन सोया सॉसची बाटली मागायचे. काकू सरांच्या वाटीवर लक्ष ठेवून असायच्या. वाटी रिकामी आली की भांडी घासणाऱ्या माणसाला दाखवायच्या.

२००६ च्या वसंतातल्या एका शुक्रवारी मी कार्डिफला बहिणीकडे गेले होते. त्या दिवशीचं पुढचं मला नवऱ्याकडून आणि काकूंकडून वेगवेगळं कळलं. दोन्ही हकिकती जुळतात.

काकूंनी सरांसमोर तिसऱ्यांवर रस्सा ओतला. सरांनी पहिला घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "अळणी!" दुसरा घोट घेऊन पुन्हा म्हणाले, "अगदी अळणी हो!" तेवढ्यात त्यांचा ब्लीप, हॉस्पिटलचा पेजर, वाजला. ते ऑन-कॉल होते. अर्धी वाटी तशीच टाकून, कोट हातात घेऊन ते निघून गेले.

काकू किटली घेऊन तिथेच उभ्या होत्या. "काय म्हणाले?"

सॉफ्टवेअरवाल्याने भाषांतर केलं. "अळणी म्हणजे मीठ नसलेलं. चव नसलेलं, असं समजा."

नवऱ्याने ते ऐकलं. तो नागपूरचा. त्यालाही शब्दाचा तेवढाच अर्थ माहीत होता. भाषांतर शब्दकोशाप्रमाणे बरोबर होतं.

"दोनदा म्हणाले," काकू म्हणाल्या.

"हो, पण सर असेच आहेत. तिखट खाणारे लोक. मनाला लावून घेऊ नका."

काकूंनी ती अर्धी वाटी उचलून आत नेली. स्वतः चाखून पाहिली. मीठ बरोबर होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पण चुकली ती आपली जीभ असेल, असं त्यांना वाटलं. त्या दुकानात आजवर सूप कळलं होतं ते एकाच माणसाला, आणि तोच माणूस चव नाही म्हणून अर्ध्यावर उठून गेला होता.

पुढच्या शुक्रवारी सगळ्या सुपांत मीठ जास्त होतं. मला वाटलं, कुणी दुसऱ्याने केलं असेल. त्यापुढे टेबलावर मिरच्या घातलेल्या व्हिनेगरची बाटली आली. सॉफ्टवेअरवाला खूश झाला. "काकू, आता कसं जमतंय!" काकूंनी विचारलं, "ते तुमचं मंचाव, कसं करतात?" त्याची बायको तिथल्या तिथे आत गेली आणि आलं-लसूण, सोया, व्हिनेगर, कॉर्नफ्लोअर लावून एक पातेलं करून दाखवलं. वर तळलेले नूडल्स. काकूंनी चमच्याने ढवळून पाहिलं. "तळ दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"दिसायचा नसतोच, काकू."

मंचाव चांगलं होतं, हे नोंदवायला हवं. महिन्याभरात बातमी पसरली. हॉस्पिटलमधली तेलुगू आणि गुजराती कुटुंबं येऊ लागली, पोर्ट्समथहून गाड्या भरून येऊ लागल्या. शनिवारी बाहेर थांबावं लागायचं. पनीर चिली आलं, ट्रिपल शेजवान आलं. निवळ सुपं कोण मागणार? रस्सा उरायला लागला, मग मोठ्या पातेल्यातून छोट्यात गेला, आणि नोव्हेंबरमध्ये मेनूतलं ते पान निघालं. मोठ्या पातेल्यात आता मंचावचं पाणी असायचं.

सर येईनासे झाले होते. आम्हाला वाटलं, कामामुळे.

काकूंनी वडिलांच्या व्हिसाचा अर्ज त्याच हिवाळ्यात केला होता. जम बसला होता. तो इतका बसला होता की टेबल रिकामं मिळत नव्हतं. "सूप वर करीन त्यांच्यासाठी," त्या मला म्हणाल्या. "घरी."

"दुकानात नाही?"

"दुकानात कुठल्या शेगडीवर करू?"

वडील २००७ च्या फेब्रुवारीत, त्यांच्या नवीन वर्षाच्या आधी आले. ठेंगणे, ताठ, केस अगदी बारीक कापलेले. पहिल्याच दुपारी ते जिना उतरून सरळ स्वयंपाकघरात गेले आणि मोठ्या पातेल्याचं झाकण उचललं. वास घेतला. झाकण परत ठेवलं. त्यांनी एवढंच विचारलं, की हे कोण पितं. काकूंनी सांगितलं, इंडियन लोक. वडील म्हणाले, "मग ते तुझे पाहुणे. त्यांना हवं ते कर." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, काकू म्हणाल्या. त्यांनी चढवला नाही.

नवीन वर्षाच्या दिवशी काकूंनी वरच्या छोट्या शेगडीवर तिसऱ्यांचं सूप केलं. वडील प्यायले. छान आहे, म्हणाले. परक्यांच्या घरी पाहुणे म्हणून जेवताना ते असंच म्हणायचे.

मी त्यांना एकदाच नीट पाहिलं, एका शनिवारी. ते कोपऱ्यातल्या टेबलावर स्वतःचा चहाचा कप घेऊन बसले होते. शेजारच्या टेबलावर एक मराठी कुटुंब होतं, आमच्या ओळखीचं नव्हे. त्यांना वाटलं, हेच मुख्य आचारी. कुटुंबातले गृहस्थ उठून गेले, म्हाताऱ्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आजोबा, बेस्ट मंचाव! मुंबईत पण असं मिळत नाही!" मुलांना त्यांच्या दोन्ही बाजूंना उभं करून फोटो काढला. म्हातारे उभे राहिले, मान लववली आणि फोटो होईपर्यंत तसेच उभे राहिले. काकू काउंटरमागे होत्या. त्यांनी पाहिलं आणि आत निघून गेल्या.

ठरल्यापेक्षा आधीच वडील परत गेले. कारण दिलं, की इथली थंडी सोसत नाही. गावाहून बहिणीचा फोन आला तेव्हा काकूंना कळलं, की वडिलांनी गावात काय सांगितलं. मुलीचं चांगलं चाललंय. तिचं इंडियन हॉटेल आहे.

हे काकूंनी मला सांगितलं तेव्हा मी हसले, कारण त्याही हसत होत्या. मग त्या थांबल्या.

गुढीपाडव्याला आमच्या मंडळाने एका शाळेचा हॉल घेतला होता. श्रीखंड-पुरीच्या रांगेत सर माझ्या पुढे उभे होते. मी विचारलं, "सर, काकूंकडे दिसत नाही हल्ली?"

"काय करायचं येऊन?" ते म्हणाले. "ती अळणी होती तोवर येत होतो. बाईंनी बंदच केली की ती. सगळं चिकट, काळं, डिंकासारखं करून ठेवलंय."

"तुम्हीच म्हणालात ना, अळणी आहे म्हणून?"

"म्हणालोच! का नाही म्हणणार?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, आमच्याकडं मटण शिजवलं की चटणी पडायच्या आधी वरचं पाणी काढतात, त्याला अळणी म्हणतात. तांबडा-पांढरा सगळा नंतरचा. पोरांना, आजारी माणसाला, बाळंतिणीला अळणी. आमच्या आईनं वाटीतनं पाजलेली. तिच्यामागं चाळीस वर्षांत तशी चव मला मिळाली नव्हती कुठं. त्या दिवशी मिळाली."

मी त्यांना त्या शुक्रवारचं भाषांतर सांगितलं. रांग पुढे सरकली, सर सरकले नाहीत. मागच्या बाई म्हणाल्या, "अहो डॉक्टर, श्रीखंड संपेल." सरांनी ताट टेबलावर ठेवून दिलं.

"त्यात मीठ असतं हो," ते म्हणाले. "अळणीत मीठ असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान बंद असण्याच्या वेळी, आम्ही दोघं काकूंकडे गेलो. त्या नूडल्स उकडून पसरत होत्या. सर उभ्या उभ्याच बोलले. ऑपरेशनच्या आधी पेशंटला समजावतात तसं, सावकाश, एकेक शब्द. अळणी म्हणजे चांगलं. सगळ्यात चांगलं. माझी आई करायची. मी तुमची स्तुती केली होती. मला हॉस्पिटलने बोलावलं म्हणून गेलो.

काकूंनी हात पुसले. "पुन्हा म्हणा तो शब्द."

"अळणी."

"अलानी." तो ळ त्यांना जमला नाही. "त्याचा अर्थ मीठ नाही?"

"शब्दाचा अर्थ तोच आहे."

"आणि तुमच्या आईच्या सुपात मीठ होतं?"

"होतं."

"मीठ घालता आणि बिनमिठाचं म्हणता?"

"नाव आहे तसं," सर म्हणाले. "का ते मला माहीत नाही."

काकू माझ्याकडे वळल्या. "तुझ्या गावातही असंच म्हणतात?"

मी म्हटलं, नाही. आमच्याकडे अळणी म्हणजे फक्त अळणी.

"म्हणजे एका भाषेत पण एकमेकांचं कळत नाही तुम्हाला." त्या पुन्हा नूडल्सकडे वळल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एक वर्ष आधी सांगायचं. बाबा विमानात बसून गेले."

सरांनी माफी मागितली. "तुम्ही चूक काही बोलला नाहीत," काकू म्हणाल्या. "तो मुलगापण चूक नाही बोलला." त्यांनी आम्हाला चहा दिला. सर कप तसाच हातात धरून बसले होते.

त्या उन्हाळ्यापासून काकू सोमवारी, दुकान बंद असताना, छोट्या पातेल्यात कोंबडी चढवू लागल्या. सर, नवरा आणि मी, एवढेच यायचो. सॉफ्टवेअरवाला तोवर बायकोसह पुण्याला परतला होता. त्याला हे कुणी कळवलं की नाही, मला माहीत नाही. मेनूवर सूप परत टाका, असं सरांनी एका शनिवारी येऊन सुचवलं. काकूंनी दारातल्या गर्दीकडे बोट दाखवलं.

सोमवारच्या त्या सुपात मीठ अंमळ जास्तच असायचं. सर कधी बोलले नाहीत. एकदा काकूंनी स्वतःच सांगितलं, की आता हात तिथेच जातो, मोजून घातलं तरी.

हिवाळ्यात त्यांनी वडिलांना फोन करून पुन्हा बोलावलं. या वेळी दुकान आठवडाभर बंद ठेवते, म्हणाल्या, पातेलं खाली चढवते, माझ्या टेबलावर बसा. फोनवर काय उत्तर आलं ते मी विचारलं. काकू म्हणाल्या, "म्हणाले, माझं वय झालं. इंडियन जेवण आता पचत नाही."

२००८ च्या उन्हाळ्यात काकूंनी दुकान विकलं आणि उत्तरेकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलीजवळ राहायला गेल्या. घेणारा माणूस हैदराबादचा होता. त्याने मेनू आहे तसाच ठेवला. तोपर्यंत वडील पुन्हा आले नव्हते.